वाढणाऱ्या हातात पत्रिका नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ख्रिस्ती लोकांची सेवा निर्मळ की ते धर्मांतराचं आमिष, हा वाद नागपूरला नवा नाही. मध्य प्रदेशची राजधानी इथे होती तेव्हा, १९५४ साली, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली गेली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथालयं यांचा वापर माणसं धर्मात ओढण्यासाठी होतो, असा त्यात ठपका होता. मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या ख्रिस्ती समाजांनी, तो मान्य केला नाही. आज इतक्या वर्षांनीही दोन्ही बाजूंची वाक्यं जवळपास तीच आहेत.

मंडळीच्या भिंतीआड दुसराच वाद चालतो, तो बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. एक गट म्हणतो, खिचडी वाटून कुणाचं तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, होतो का? सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगा, बाकी सरकार बघेल. दुसरा गट म्हणतो, उपाशी माणसाला बायबलचं वचन काय सांगता? आधी पोटाचं बघा, बोलायचं नंतर. दोन्ही गट बायबल उघडूनच बोलतात. पहिला मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय काढतो, 'जाऊन शिष्य करा' हा. दुसरा पंचविसावा, 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं' हा. मध्ये फक्त दोन अध्याय आहेत आणि पुस्तक एकच आहे, हे दोघेही विसरतात.

शहरातल्या वेगवेगळ्या चर्चच्या सेवाकार्य समित्यांवर काम करणाऱ्या आम्हा काहींचं म्हणणं असं: दोन्ही कामं मंडळीचीच आहेत आणि दोन्ही उघडपणे, नाव लावून करावीत. मात्र गरजू माणूस काही घ्यायला समोर उभा असतो, त्या जागी आणि त्या वेळी त्याच्यावर धर्माची अट, अपेक्षा किंवा भीड कणभरही पडता कामा नये. ही गोष्ट नुसत्या चांगल्या हेतूने साधत नाही. त्यासाठी वेळ, वही, माणसं आणि पैसा यांची मांडणी वेगळी करावी लागते. ती कशी, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

आधी शास्त्र, कारण आमच्या लोकांना तिथूनच पटवावं लागतं. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी परका मानलेला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नऊ जणांचा आजार परत आला, असं कुठेही लिहिलेलं नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोक जेवतात आणि दुसऱ्या दिवशी शोधत येतात. तेव्हा येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. पोटासाठी मागे आलेल्यांची गर्दी त्याने यश म्हणून मोजली नाही. म्हणून भाकरी द्यायची थांबवलीही नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय तर थेट समितीच्या कामाचा आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार क्षुल्लक म्हणून झटकली नाही आणि स्वतः पंगतीत वाढायलाही बसले नाहीत. चांगल्या नावाची सात माणसं निवडली आणि ते काम त्यांच्या हाती दिलं. याच सातांतला स्तेफन पुढे वचनासाठी मरण पावला आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगत फिरला. म्हणजे कामाची वाटणी झाली, माणसांची झाली नाही. वाढणारा माणूस सुवार्ता सांगू शकतो. वाढताना सांगत नाही, एवढंच.

जगभरच्या चर्चनेही हे मान्य केलेलं आहे. १९७४ च्या लोझान इथल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती परिषदेने सुवार्ताकार्य आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्यं असल्याचं नोंदवलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या कॅथलिक चर्चला लिहिलेल्या पत्रात, लिहिलं की प्रेम विनामूल्य असतं, दुसरं काही साधण्यासाठी ते करायचं नसतं. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून एक निवेदन काढलं. आमिष दाखवणं, दुसऱ्याच्या गरिबीचा फायदा घेणं हे सुवार्तेच्या कामात बसत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. भारतातल्या चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अनेक चर्चचं ऐक्यही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झालं. तेव्हा ही कागदपत्रं आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, माहीत नाहीत असं नाही. अडतं ते पातेल्यापाशी.

म्हणून पातेल्यापाशीच जाऊ. सरकारी रुग्णालयांबाहेर गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंटसोबत आलेले लोक दिवसचे दिवस राहतात. त्यांच्यासाठी शंभर माणसांची खिचडी करायची तर ७ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, सव्वा लिटर तेल, ३०० ते ३५० ग्रॅम मीठ आणि सुमारे ४० लिटर पाणी लागतं. माणशी अर्धा किलो शिजलेलं अन्न पडतं, पोट भरतं. दोन वाढपी असतील तर शंभर ताटं वीसेक मिनिटांत उरकतात. आता या वीस मिनिटांच्या आधी पंधरा मिनिटांचा संदेश आणि प्रार्थना ठेवा. रांगेतला शेवटचा माणूस अर्ध्या तासाहून जास्त उभा राहतो. नवतप्याच्या उन्हात, ४५ अंशांत, त्या रांगेत गरोदर बाई असते, शुगरचा पेशंट असतो, रात्रभर वॉर्डाबाहेर जागलेला म्हातारा असतो. शिवाय खिचडी थांबत नाही. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. पातेलं कोमट व्हायला लागलं की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाटप संपलं पाहिजे आणि तोवर अन्न चटका बसेल इतकं गरम राहिलं पाहिजे. सकाळी नऊला शिजवून, उपासना आटोपून, दुपारी एकला वाटायला निघणं हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे. नुसत्या स्वयंपाकाच्या हिशेबानेही रांगेपुढचा संदेश बसत नाही.

खरं कारण मात्र भीड हे आहे. ताट पुढे केलेल्या माणसाला 'प्रार्थना नको' म्हणता येत नाही. तो मान खाली घालतो, डोळे मिटतो, आपण म्हणू ते म्हणतो. कार्यकर्त्याला वाटतं, मन वळलं. वळलेली असते ती फक्त मान. शेजारच्या रांगेतून कुणीतरी मोबाईलवर ते टिपतो आणि संध्याकाळपर्यंत ते चित्र शहरभर फिरतं. त्या चित्राचा राग धरण्याआधी आम्ही आमच्या लोकांना विचारतो: त्या माणसाच्या जागी तुमची आई असती, हातात दुसऱ्या कुणाच्या देवाचं ताट असतं, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

तेव्हा पद्धत अशी असावी. प्रार्थना करायचीच, पण कार्यकर्त्यांनी, चर्चच्या स्वयंपाकघरात, पातेलं गाडीत चढवण्याआधी. गाडीवर चर्चचं नाव ठळक असावं. नाव लपवणं हे खोटं बोलणंच आहे, आणि लपवलेलं नाव सापडलं की लोक त्याला कट म्हणतात. वाढपाच्या वेळी कुणाच्याही खिशात धर्मप्रचाराची पत्रिका नको. कुणी विचारलं, "तुम्ही कोण?" तर सांगायचं, "आम्ही अमुक चर्चचे." "कशासाठी देता?" तर सांगायचं, "शेजाऱ्यावर प्रेम करा, असं येशूने आम्हाला सांगितलंय म्हणून." तिथे थांबायचं. तो आणखी विचारू लागला तर म्हणायचं, "जरूर सांगू दादा, पण आत्ता जेवून घ्या. रविवारी उपासनेनंतर या, किंवा तुम्ही म्हणाल तेव्हा भेटू." पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, आणि ते सौम्यतेने द्या असंही. तिथे विचारणारा आधी येतो, उत्तर मागून. गाडीवर वचनाची एखादी ओळ असावी की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. नाव पुरे, असं बहुतेकांचं मत.

आजारपणात हीच गोष्ट जास्त नाजूक होते, कारण तिथे चूक जिवावर बेतते. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढतं, भूक लागते. नेमक्या याच वेळी पेशंटला उपासनेत उभं करून साक्ष द्यायला लावतात: प्रभूने मला बरं केलं. टाळ्या पडतात. त्यानंतर गोळी घेणं त्याला अविश्वास वाटू लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात आजार परत उठतो आणि या वेळी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असू शकतो. घरातल्या लेकरांनाही तोच लागतो. साक्ष देणाऱ्याचा दोष नाही, ती घ्यायची घाई करणाऱ्या पाळकाचा आहे. आमचा आग्रह आहे की औषधांचा कोर्स पूर्ण झाल्याचा डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय कुठल्याही आजाराची साक्ष व्यासपीठावर येऊ देऊ नये. येशूनेही त्या दहा कुष्ठरोग्यांना याजकाकडे, म्हणजे यहूदी धर्मगुरूकडे, जाऊन दाखवायला सांगितलं होतं. त्या काळी बरं झाल्याचा दाखला तोच देत असे.

सिकलसेलबद्दल विदर्भातल्या प्रत्येक मंडळीने दोन गोष्टी पाठच करून ठेवाव्यात. पहिली, हा रक्तातला जन्मजात दोष आहे. पहिल्या चाचणीत संशय आला की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीने माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. दुखणं थांबलं म्हणजे रक्त बदललं, असं होत नाही. दुसरी, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात आणि हाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात. आमच्याकडे उपवास-प्रार्थनेचे दिवस असतात, काही जण पाण्याचा थेंबही घेत नाहीत. मे महिन्यात सिकलसेलच्या पेशंटने असा निर्जळी उपवास करणं म्हणजे दवाखान्याची वाट धरणं. उपवासाची घोषणा करतानाच पाळकांनी जाहीर सांगावं की सिकलसेल, शुगर, किडनीचे पेशंट, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी उपवास करू नये, पाणी प्यावं, औषध चुकवू नये. एका मिनिटाचं काम आहे.

चंगाई सभांच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांच्या, फलकांबद्दलही बोललं पाहिजे. क्षय, कर्करोग, मधुमेह, कुष्ठरोग अशा आजारांवर चमत्काराने इलाज होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि हातात दिलेली पत्रिकाही जाहिरातच ठरते. पण कायद्याआधीचा प्रश्न असा की त्या फलकाकडे ओढला जाणारा माणूस मोकळेपणाने विचार करण्याच्या स्थितीत असतो का? जगण्याची आशा सुटत चाललेल्याला देऊ केलेली आशा ही रिकाम्या ताटात टाकलेल्या खिचडीइतकीच बांधून घेणारी असते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी. घरी जावं ते दोघांनी, बाई पेशंट असेल तर बायांनी, पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त न थांबता. प्रार्थना करू का, असं विचारावं आणि 'नको' आलं तर तितक्याच मायेने पाण्याचा पेला भरून ठेवून निघावं. दवाखान्याच्या वॉर्डात मात्र बोलावल्याशिवाय जाऊच नये. पलंगावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही.

क्षयाच्या पेशंटला खरंच मदत करायची असेल तर सरकारच्या निक्षय मित्र योजनेत मंडळीला नाव नोंदवता येतं. पेशंटच्या संमतीनेच तो जोडला जातो. प्रौढ माणसाला महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि १ किलो शेंगदाणे किंवा दूधपावडर असा शिधा ठरलेला आहे. तो सहा महिने, न चुकता, ठरलेल्या तारखेला पोचवणं सोपं नाही. पहिल्या दोन महिन्यांत फोटो निघतात, चौथ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. म्हणून पाच पेशंट घ्यायचे असतील तर आधी तीस पिशव्यांचे पैसे बाजूला काढावेत, मग नाव नोंदवावं.

मुलांच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वस्तीत संध्याकाळी पाच ते सात शिकवणी चालते. गणित, इंग्रजी होतं आणि शेवटची पंधरा मिनिटं गोष्ट, गाणं, प्रार्थना. आई-बापांना 'शिकवणी' एवढंच सांगितलेलं असतं. पोरगं घरी जाऊन गाणं म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतली निम्मी मुलं येत नाहीत. पुढे उरलेलीही गळतात. नुकसान होतं ते दहावीला बसलेल्या पोरीचं. शिकवणी आणि संडे स्कूल, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, यांचे दिवस वेगळे, जागा शक्यतो वेगळी, पाटी वेगळी ठेवावी. संडे स्कूलला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आई किंवा वडिलांची सही घ्यावी, आणि सही न देणाऱ्याच्या मुलाला शिकवणीत पहिल्या रांगेतच बसवावं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्येच आहे. वसतिगृह किंवा बालगृह चालवत असाल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी करावी लागते का, हे जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडून लेखी विचारून घ्यावं. 'आमचं छोटंसं बोर्डिंग आहे' या सबबीवर राहू नये.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या शब्दावर. त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण दारही लावलं नव्हतं. १८९३ मध्ये गदारोळ उठला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि अन्नावाचून मरणाऱ्या मुलींना उचलून घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती नावानेच उभं राहिलं. रमाबाईंच्या निष्ठेबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण शारदा सदनाचा अनुभव सांगतो की संस्थेला तटस्थ म्हणायचं तर ती दार-खिडक्यांपर्यंत तटस्थ हवी, आणि ख्रिस्ती म्हणायचं तर तसं पहिल्या दिवशी पाटीवर लिहायला हवं. अर्धं-अर्धं सगळ्यात महाग पडतं.

आता वही. वाटपाच्या नोंदवहीत अनुक्रमांक, नाव, वस्ती, काय दिलं, किती दिलं, तारीख आणि सही किंवा अंगठा एवढे रकाने पुरतात. धर्म, जात, 'उपासनेला येतो का' हे रकाने काढून टाकावेत. रकाना असला की कुणीतरी तो भरतो, आणि भरला की कुणीतरी त्यावरून निवड करतो. शाळेच्या फीची मदत असेल तर पैसे थेट शाळेच्या खात्यात जावेत. कुणाला द्यायचं हे ठरवणारी समिती पाच जणांची असावी आणि त्यात दोघे मंडळीबाहेरचे असावेत: वस्तीतली एखादी आशाताई, एखादे निवृत्त गुरुजी. पाळकसाहेब त्या समितीत नसावेत. हे अनेकांना रुचत नाही. पण ज्याच्या हातात घरभाड्याची मदत आहे, त्याच माणसाने 'प्रभूला स्वीकारता का?' असं विचारलं तर उत्तर मोकळं येणार कसं? पाळकांचं वजन कमी करण्यासाठी हे नाही. त्यांच्या शब्दावर पैशाची सावली पडू नये म्हणून आहे. प्रेषित पौलही यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याने घेऊन गेला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की कुणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली, आणि प्रभूच्या दृष्टीने जे चांगलं तेच माणसांच्याही दृष्टीने चांगलं असावं.

परदेशी मदतीचा गाजावाजा फार होतो. परकीय योगदान कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच प्रथम येते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. नियम पाळावेत, पण मोठा प्रश्न दुसरा आहे. दूरचा देणगीदार आकडा मागतो. एक म्हणतो किती बाप्तिस्मे झाले ते कळवा, दुसरा म्हणतो अहवालात येशूचं नावही नको. दोघांच्याही आकड्यांपायी काम वाकडं होतं. सेवेच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा कधीही लिहू नये, कुणीही मागितला तरी.

त्यापेक्षा घरचं धान्य बरं. मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ चर्चसाठी बाजूला ठेवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. हिशेब करून पाहा: रोजची एक मूठ ५० ग्रॅमची धरली तर एका घराचे महिन्याला दीड किलो, १२० घरांचे १८० किलो. शंभर ताटांना ७ किलो तांदूळ लागतो. म्हणजे महिन्यात पंचवीस वेळा शंभर माणसांचा तांदूळ निघेल, एक रुपयाही बाहेरून न आणता. कापणीच्या सणाला भाजी-फळांचा लिलाव होतो, त्यातून डाळ-तेलाचा बराच खर्च निघतो. आणि रोज मूठ काढणाऱ्या घरातलं माणूस एखाद्या शनिवारी वाढायला येतंच. फक्त चेक देणाऱ्या मंडळीचं असं होत नाही. पगारी माणसं काम करतात, प्रकल्पाची तीन वर्षं संपतात, पाटी उतरते. रविवारच्या प्रार्थनेत त्या वस्तीचं नाव कुणी घेत नाही. सेवेने सुवार्ता गिळली, अशी तक्रार करणाऱ्यांचं इतकं म्हणणं खरं आहे.

कारण सुवार्ता सांगणं हेही कर्तव्यच आहे आणि ते लाजत-लपत करायचं नाही. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांच्या हाती आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने बायबल दिलं. त्यासोबत ना नोकरी दिली, ना शिधा. टिळकांनी वाचलं, वाद घातला, पत्रव्यवहार केला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी त्यांना मिळालं काही नाही, गेलं पुष्कळ. विवेकाचा निर्णय असा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं ते पाहिलेल्या शहराला, माणूस विचार करून धर्म बदलू शकतो हे वेगळं पटवून द्यायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की संविधानाने आपल्या धर्माची तत्त्वं मांडून त्यांचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. आम्हाला या निकालाची अडचण वाटत नाही. मन पालटणं हे आमच्या शास्त्राप्रमाणेही माणसाच्या हातचं काम नाही.

म्हणून जो आपल्या पायांनी येतो त्याच्यासाठी मंडळीने वेगळा वेळ, वेगळी खोली आणि भरपूर धीर ठेवावा. बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग निदान तीन-चार महिने चालावा. अठरा वर्षांखालच्या मुलाला आई-बापांशिवाय घेऊ नये. घरच्यांना, विशेषतः नवऱ्याला किंवा बायकोला, माहीत आहे का हे विचारावं. कागदोपत्री काय बदलेल तेही आधीच सांगावं: १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, म्हणजे मुलांची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जातात. अनुसूचित जमातीला ती धर्माची अट नाही. हा आदेश अन्यायाचा आहे असं आमचं मत आहे आणि आम्ही ते मांडत राहू, पण समोरच्याला तो न सांगता पाण्यात उतरवणं हा दुसरा अन्याय. आणि तो माणूस आधीपासून मदत घेत असेल तर त्याची मदत ठरलेल्या मुदतीपर्यंत जशीच्या तशी चालू ठेवावी. बाप्तिस्मा घेतला म्हणून वाढ नाही, नको म्हणाला म्हणून कपात नाही. हे वाक्य मंडळीच्या ठरावाच्या वहीत लिहून, सभेत वाचून, मंजूर करून घ्यावं.

आपल्या वाचकांना एक विनंती. कुठल्याही चर्चच्या वाटपात कुणी तुमचा धर्म विचारला, ताटासोबत पत्रिका दिली, रांगेत हात जोडायला लावले किंवा गोळ्या बंद करायला सांगितलं, तर त्या चर्चच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मंडळ्यांनी त्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात एक तक्रारवही दोरीने बांधून ठेवावी, पानांवर आकडे घालून, म्हणजे पान फाटलं तर कळेल. प्रत्येक तक्रारीला आठ दिवसांत उत्तर द्यावं, आणि ती वही दर महिन्याच्या सभेत पाळकांनी नव्हे, समितीवरच्या मंडळीबाहेरच्या सभासदाने मोठ्याने वाचावी.

आपले नम्र,
चर्चच्या सेवाकार्य समित्यांवरील काही कार्यकर्ते,
सदर, नागपूर